आठ महिन्यांनंतर: मालिश, कायरोप्रॅक्टिक आणि आमच्या घरातल्या चार पाठी

आठ महिन्यांपूर्वी ओल्या कपड्यांची बादली उचलायला वाकले आणि कमरेत अशी उसण भरली की सरळच होता येईना. नवऱ्याने आणि मुलीने दोन्ही बाजूंनी धरून पलंगापर्यंत नेलं. पुढचे दोन दिवस कूस बदलायची म्हटलं तरी घाम फुटायचा. तीन वर्षांतली ही चौथी वेळ. दरवेळचा क्रम ठरलेला: गोळ्या, शेक, आठवडाभर पडून राहणं, आणि दुखणं ओसरलं की सगळं विसरून पुन्हा तसंच जगणं.

या वेळी आमच्या डॉक्टरांनी नीट तपासलं. पायाच्या बोटांवर आणि टाचांवर चालायला लावलं. जांघेत बधिर वाटतं का, लघवी-शौचावर ताबा आहे ना, ताप येतो का, वजन उगाच उतरलंय का, हे सगळं विचारलं. यातलं काहीच नव्हतं. मग म्हणाले, "एक्स-रेची गरज नाही. पडून राहू नका, चालत्या-फिरत्या राहा. हवं असेल तर मालिश घ्या, किंवा मणक्यांवर हाताने उपचार करणारं प्रशिक्षित कुणी असेल तर त्यांना दाखवा." मला आश्चर्य वाटलं, पण नंतर वाचलं तेव्हा कळलं की हे त्यांचं एकट्याचं मत नव्हतं. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१७ साली कंबरदुखीबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात नव्याने उद्भवलेल्या दुखण्यावर औषधांच्या आधी शेक, मालिश, अॅक्युपंक्चर आणि मणक्यांवरचे हाताचे उपचार सुचवलेले आहेत. आणि त्यातच हेही स्पष्ट लिहिलंय की असं दुखणं बहुतेकांचं काही केलं किंवा न केलं तरी काळाबरोबर कमी होतं. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट लक्षात असू द्या. मीही ती लक्षात ठेवूनच लिहितेय.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. रोज रात्री शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा, आणि त्या दिवशी काय केलं त्याची एक ओळ. ही वही नसती तर आज मी नुसतं "छान वाटलं" एवढंच सांगू शकले असते.

कायरोप्रॅक्टिकची, म्हणजे मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करायच्या पद्धतीची, सुरुवात चुकीच्या ठिकाणी झाली. नाव लिहीत नाही. तिथे माझं म्हणणं पाच मिनिटंही कुणी ऐकलं नाही. आधी पूर्ण कण्याचे एक्स-रे काढले, मग पडद्यावर लाल रेघा मारून "हे तीन मणके जागचे सरकलेत" असं सांगितलं, आणि छत्तीस भेटींचं वेळापत्रक हातात ठेवलं. वर, घरातल्या सगळ्यांनाच आणा, मुलांची प्रतिकारशक्ती वाढते, तान्ह्या बाळाचं पोटात दुखून रडणंसुद्धा थांबतं. त्या वेळी नणंदेचं बाळ दोन महिन्यांचं होतं आणि संध्याकाळ झाली की रडून घर डोक्यावर घ्यायचं. क्षणभर माझाही जीव लोभावला, खरं सांगते. पण घरी येऊन वाचलं. कण्यावर दाब देऊन बाळाचं रडणं, दमा किंवा कानाचं इन्फेक्शन बरं होतं, याला भरवशाचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये याची खास छाननी केली, तेव्हा लहान मुलांना इजा झाल्याचं फारसं आढळलं नाही, पण फायदा होतो असंही ठामपणे सांगता आलं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांच्या कण्यावर असे उपचार करू नयेत, असं तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने त्याच वर्षी तात्पुरतं ठरवलं. नणंदेला मी स्पष्ट सांगितलं, बाळाला तिकडे न्यायचं नाही. मी स्वतःही परत गेले नाही.

दुसऱ्या कायरोप्रॅक्टिकवाल्या बाई मात्र अगदी वेगळ्या निघाल्या. पाऊण तास नुसते प्रश्न. काम बसून आहे की उभ्याने, झोप किती, बाळंतपणं कशी झाली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, कधी हाड मोडलंय का. गुडघ्यावर छोटी हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहिली, पाय सरळ उचलून कळ कुठवर जाते ते पाहिलं. मग म्हणाल्या, "चार वेळा करून बघू. फरक नाही पडला तर मी तुम्हाला पुढे बोलावणार नाही." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

पहिली अॅडजस्टमेंट, म्हणजे सांध्याला हाताने दिलेला झटपट धक्का, कशी झाली ते सांगते, कारण त्याचीच सगळ्यांना धास्ती असते. मला डाव्या कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा वाकवून पोटाशी आणला, खांदा हलकेच मागे वळवला. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताचा तळवा कमरेच्या खाली, खुब्याजवळ. "श्वास सोडा." श्वास पूर्ण गेला आणि त्याच क्षणी एक छोटा, झटपट धक्का. कडकड असा आवाज झाला. दुखलं नाही, पण काळजात धस्स झालं. मी विचारलं, "हाड बसलं का जागेवर?" त्या म्हणाल्या, "हाड हललंच नव्हतं. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, सांधा पटकन उघडला की त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा हा आवाज. बोटं मोडल्यावर येतो तोच." (२०१५ मध्ये संशोधकांनी एमआरआयमध्ये बोट ओढून ही पोकळी तयार होताना प्रत्यक्ष पाहिली आहे.) म्हणूनच एकदा मोडलेलं बोट लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. आणि आवाज झाला नाही म्हणजे उपचार फसला, असंही नाही.

टेबलावरून उठले तेव्हा कंबर खरोखर मोकळी वाटत होती. वहीत सकाळी ७, रात्री ४. दुसऱ्या दिवशी मात्र पाठ ठणकत होती, जणू कुणी बुकलून काढलंय. हे बऱ्याच जणांना होतं आणि एक-दोन दिवसांत जातं, याची कल्पना त्यांनी आधीच दिली होती. चौथ्या दिवशी आकडा पुन्हा ५ वर. पहिल्या दोन महिन्यांचा चढउतार असाच आहे: उपचारानंतर तीन-चार दिवस आराम, मग हळूहळू परतीची वाट.

मालिशचं तंत्र निराळं. कायरोप्रॅक्टिकमध्ये सांध्यावर काम होतं, इथे स्नायूवर. आमच्या मालिशवाल्या ताई कोपराखालच्या हाताने कण्याच्या दोन्ही बाजूंना अगदी सावकाश दाब देत वर जातात. माझ्या उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला एक गाठ आहे. तिच्यावर अंगठा आला की कळ थेट मानेतून कानामागे जाते. तिथे त्या थांबतात, रगडत नाहीत. नुसता दाब धरून ठेवतात आणि मी तीन-चार लांब श्वास घेतले की ती जागा अंगठ्याखाली सैल पडल्याचं मलाही कळतं. जोरात रगडलं म्हणजे चांगलं मालिश, हा माझा समज त्यांनी मोडला. श्वास रोखला जात असेल तर दाब जास्त झाला, एवढी साधी खूण. मालिशनंतर त्या रात्रीची झोप गाढ, हे वहीत जवळपास प्रत्येक वेळी लिहिलेलं आहे. शरीरातली विषद्रव्यं निघून जातात वगैरे जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. व्यायामाने साठलेलं लॅक्टिक अॅसिडसुद्धा तासाभरात आपलं आपण ओसरतं.

आता सासूबाईंबद्दल. हा सगळा खटाटोप सार्थकी लागला तो त्यांच्यामुळे, असं मला वाटतं. वय एकाहत्तर. पाठीला हलका बाक आलेला, मधल्या पाठीत दुखायचं. माझं पाहून त्यांनाही वाटलं, आपणही एकदा मोडून घ्यावं. त्या बाईंनी पाठीवरून हात फिरवला, एका जागी बोटाने टकटक केली तशा सासूबाई कळवळल्या. मग विचारलं, "आजी, उंची कमी झाल्यासारखी वाटते का?" सासूबाई म्हणाल्या, "वरच्या फळीवरचा डबा हल्ली हाताला येत नाही खरा." बाई उठल्या, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "यांच्या पाठीला मी हात लावणार नाही. आधी हाडांची घनता तपासा." तपासणीत हाडं ठिसूळ निघाली, आणि पाठीतला एक मणका आधीच पाचरीसारखा चेपलेला होता. कधी चेपला, कुणालाच माहीत नाही. अशा पाठीला जोराचा धक्का बसला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. त्या पहिल्या ठिकाणी आम्ही सगळे गेलो असतो तर?

सासूबाईंचे उपचार आता डॉक्टरांकडे चालू आहेत, औषधं आहेत, चालणं आहे. मालिशवाल्या ताई त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा येतात, पण पाठीवर दाब अजिबात नाही. फक्त हात, पावलं आणि खांदे, तेही हलक्या हाताने. पोटरीला सूज आहे का, एकच पाय गरम किंवा लाल दिसतो का, हे त्या दरवेळी आधी बघतात. शिरेत रक्ताची गुठळी असेल तर तो पाय चोळणं जिवावर बेतू शकतं. तिसऱ्या-चौथ्या वेळची गोष्ट. ताई त्यांचा तळहात उघडून अंगठ्याच्या मुळाशी चोळत होत्या आणि सासूबाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "हे गेल्यापासून कुणी असा हात हातात घेतला नव्हता गं." सात वर्षं झाली सासऱ्यांना जाऊन. आम्ही त्यांची औषधं सांभाळली, जेवणखाण सांभाळलं, आणि हे आमच्या ध्यानातच आलं नाही. दुखण्याच्या आकड्यात हे मावत नाही, म्हणून वहीत तेवढी एक ओळ लिहून ठेवली आहे.

मुलगी चौदा वर्षांची. मान दुखते, डोकं दुखतं, ही रोजची तक्रार. बाईंनी तिच्या मानेवर धक्क्याचा उपचार केला नाही. मोबाइल कसा धरतेस ते दाखव म्हणाल्या, मान मागे घ्यायचे दोन व्यायाम शिकवले आणि डोळे तपासून घ्यायला सांगितले. नंबर निघाला. चष्मा आल्यावर दोन आठवड्यांत डोकेदुखी निम्म्याहून कमी झाली. नवऱ्याच्या खांद्याला मात्र मालिशचाही उपयोग झाला नाही आणि अॅडजस्टमेंटचाही नाही. दोन्हीकडून त्यांना फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं आणि तिथे ते बरे होताहेत.

मानेबद्दल थोडं सविस्तर. चौथ्या महिन्यात माझी मान आखडली तेव्हा बाईंनी संमतीचा कागद पुढे ठेवला आणि तो वाचून दाखवला. मानेला जोरात पिळा दिल्यावर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचं अस्तर फाटण्याचा प्रकार अतिशय विरळा आहे, पण घडलेला आहे, आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. मी नको म्हटलं. त्यांनी मुळीच आग्रह केला नाही. हाताने मान सावकाश, माझ्याच हालचालीच्या मर्यादेत फिरवून दिली, आणि ती तशीही आठवडाभरात सुटली. तुम्ही होकार दिलात, तरी एवढं पाठ करून ठेवा: नंतर कधी न अनुभवलेली डोकेदुखी किंवा मानदुखी, भोवळ, एकाचे दोन दिसणं, जीभ अडखळणं, चेहरा बधिर होणं, यातलं काहीही झालं तर थेट इस्पितळ गाठायचं.

कायरोप्रॅक्टिकचा जन्म कसा झाला हे माहीत असलेलं बरं. १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर या गृहस्थाने एका ऐकू न येणाऱ्या माणसाच्या पाठीवर दाब दिला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा दावा केला. त्यावरून जवळजवळ सगळे रोग कण्यातून होतात असा सिद्धांत त्याने मांडला. तो टिकला नाही. कंबर आणि मान दुखण्यापुरता हाताचा उपयोग मात्र टिकला. आजही काही जण पामरचीच भाषा बोलतात, काही जण टिकलेलं तेवढंच करतात. तुमच्यासमोर कोण बसलंय हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

आता वहीतला माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग. पाचव्या महिन्यात कामाच्या गडबडीत मी तीन आठवडे चालणं आणि व्यायाम सोडला, मालिश आणि अॅडजस्टमेंट दोन्ही चालू ठेवली. आकडा ३ वरून ५ वर गेला. सहाव्या महिन्यात उलट केलं: अॅडजस्टमेंट बंद, रोज अर्धा तास चालणं, कंबर उचलायचा व्यायाम, आणि ओणवं राहून एक हात व विरुद्ध बाजूचा पाय लांब करायचा व्यायाम. आकडा २ वर आला आणि तिथेच राहिला. एका माणसाची वही म्हणजे शास्त्र नव्हे, हे मान्य. पण उपचारांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये हेच लिहिलंय की कंबरदुखीत हाताचे उपचार द्यायचे तर व्यायामाच्या जोडीनेच. माझ्या बाबतीत त्या उपचारांनी काय केलं, तर हलायची भीती घालवली. भीती गेल्यावर चालता आलं.

सध्या मी महिन्यातून एकदा मालिश घेते. अॅडजस्टमेंट घेऊन दहा आठवडे झाले. पुढची वेळ घेतलेली नाही. दुखलं तर या, एवढंच बाईंनी सांगितलंय. सासूबाईंची दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची वेळ मात्र पक्की. ती कुणी बदलायची नाही, असं त्यांनी आम्हा सगळ्यांना बजावून ठेवलंय.