कॅज्युअल्टीतली छोटी लॅब: सहा महिन्यांच्या रात्रपाळीनंतर

आमच्या कॅज्युअल्टीत जिथे पूर्वी मोडक्या व्हीलचेअर पडलेल्या असायच्या, त्या कोपऱ्यात आता लॅब आहे. सहा महिने रात्रपाळीला तिथे मीच टेक्निशियन आहे, तेव्हा कंपनीच्या डेमोपेक्षा माझं ऐका.

ब्लड गॅसचं मशीन (रक्तातले वायू, आम्लता, क्षार मोजणारं) झकास. सिरिंज लावली की दोनेक मिनिटांत पीएच (आम्लता), लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारं आम्ल), पोटॅशियम हातात. आधी मामा (वॉर्डबॉय) सॅम्पल घेऊन वर मुख्य लॅबमध्ये जायचे, वाटेत आणखी दोन वॉर्डांच्या नळ्या उचलायचे. वर लाल बुचाच्या नळीतलं रक्त गोठायलाच अर्धा तास, मग सेंट्रिफ्यूजची (नळी गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र) दहा मिनिटं. गंमत म्हणजे आमची लॅब आली म्हणून वरच्यांनीही हेपरिनची (रक्त गोठू न देणारं औषध) हिरवी नळी सुरू केली. त्यात गोठायची वाट बघावी लागत नाही. तो अर्धा तास वाचवायला नवीन मशीन लागलंच नव्हतं!

ट्रोपोनिन (हार्ट अ‍ॅटॅक ओळखायची रक्ततपासणी) पटकन होतं, पण छातीत दुखायला लागून तासच झाला असेल तर पहिल्या नॉर्मल रिपोर्टवर कुणाला घरी सोडता येत नाही. दुसरं सॅम्पल लागतंच. ‘मशीन इथेच आहे, मग अजून का थांबायचं?’ हे नातेवाईकांचं ऐकायला मात्र मी.

आता तक्रार. एका रात्री पोटॅशियम आलं ६.९, म्हणजे धोकादायक जास्त. ईसीजी अगदी साधा, पेशंट गप्पा मारतोय, आणि डॉक्टरांनी कॅल्शियम ग्लुकोनेट (अशा वेळी हृदय सांभाळायचं इंजेक्शन) भरायला घेतलेलं. मला शंका आली. सिरिंजमधलं उरलेलं रक्त वर पाठवून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, तर प्लाझ्मा (पेशींवरचा पिवळसर द्रव) गुलाबी. सॅम्पल हिमोलाइज झालं होतं, म्हणजे पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलं होतं. नव्या सॅम्पलमध्ये ४.३, नॉर्मल. आमचं मशीन अख्खं रक्तच तपासतं, त्यामुळे पेशी फुटल्यात हे त्याला कळतच नाही. डेमोत याचा एक शब्द नव्हता.

बाकी रडगाणी नेहमीचीच. कार्ट्रिज २ ते ८ अंशांत ठेवायच्या, पण फ्रिजसाठी वेगळा प्लग पॉइंटच काढलेला नव्हता. बेसिन विसरलेलं. संगणकाची जोडणी तीन महिने लटकली, तोवर आकडे हाताने लिहिले. क्यूसी (मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी) रोज कुणी करायचा यावरून दिवसपाळीशी अजून वाजतं.

तुमच्याकडे बसवणार असाल तर जरूर बसवा. फक्त ऑर्डरमध्येच एक छोटं सेंट्रिफ्यूज लिहून घ्या, म्हणजे शंका आली की प्लाझ्मा तिथेच बघता येईल. आमचं पाचव्या महिन्यात आलं.