एकच पट्टी, दोन खोल्या: व्हिनाइल फ्लोअरिंगचा तीन वर्षांचा अनुभव

आईच्या खोलीत दारापासून चौथ्या ओळीत एक पट्टी होती. तिच्यावर पाऊल पडलं की ‘टक्’ असा आवाज यायचा. दिवसा तो जाणवायचा नाही, रात्री मात्र आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. हॉलमध्ये त्याच कंपनीच्या, त्याच रंगाच्या, एकाच दिवशी एकाच गाडीतून आलेल्या पट्ट्या आहेत. तिथे तीन वर्षांत एकदाही असा आवाज आला नाही. एका मालाचे दोन निकाल एकाच घरात पाहायला मिळाले, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी व्हिनाइलच, म्हणजे लाकडासारखं दिसणारं प्लास्टिकचं फ्लोअरिंगच का, ते सांगते. आमची जुनी फरशी कडक आणि गार होती. आईचे गुडघे दुखतात, शिवाय ती एकदा ओल्या फरशीवरून घसरून पडली होती. फरशी उखडायची म्हणजे आवाज, धूळ आणि महिनाभर घराबाहेर राहणं, आणि तिला घेऊन ते शक्य नव्हतं. खरं लाकूड मला मनापासून आवडतं, पण ते पाण्याला फुगतं. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या दाबलेल्या तंतूंचा असतो, त्यामुळे सांध्यातून पाणी मुरलं की त्याच्याही कडा वर येतात. व्हिनाइल प्लँक जुन्या फरशीवरच बसतं, पायाला फरशीइतकं गार लागत नाही आणि पाण्याने फुगत नाही. या तीन गोष्टींवर निर्णय झाला.

दुकानात सगळे जाडीबद्दल बोलतात. पाच मिलिमीटर, सहा, आठ. मीही आधी तेच विचारत होते. पण रोजची झीज सोसतो तो सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे वेअर लेअर. त्याच्या खाली छापलेलं लाकडाचं चित्र असतं आणि त्या खाली गाभा. वरचा थर झिजून चित्राला ओरखडा गेला की खेळ संपला, कारण लाकडासारखं घासून पुन्हा नवं करायची सोय इथे नाही. हा थर ‘मिल’मध्ये मोजतात. १२ मिल म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर, २० मिल म्हणजे ०.५. इथे मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. बोलण्याच्या ओघात मिल आणि मिलिमीटर यांची गल्लत सहज होते, म्हणून खोक्यावर छापलेला आकडा स्वतः वाचावा. आम्ही २० मिलचा घेतला. गाभा एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांचा. तो कडक असतो, जड सामानाने त्यावर खड्डा सहसा पडत नाही. डब्ल्यूपीसी नावाचा दुसरा प्रकार पायाला जास्त मऊ लागतो, पण आईच्या लोखंडी पलंगाचे पाय डोळ्यांसमोर होते, म्हणून तो टाळला.

नमुन्याचे तुकडे घरी आणले ते फार बरं केलं. दुकानातल्या दिव्याखाली मधाळ दिसणारा रंग आमच्या खोलीत सकाळी चक्क गुलाबी दिसत होता. आवडलेल्या तीन तुकड्यांवर किल्ल्या घासल्या, खुर्ची ओढली, पाणी टाकून रात्रभर ठेवलं. आईला ओल्या पायांनी त्यांवर उभं केलं. तिने गुळगुळीत, चकचकीत तुकडा लगेच बाजूला सारला आणि रेषा उठावाच्या, खरखरीत तुकड्यावर बोट ठेवलं. तोच घेतला.

क्षेत्रफळापेक्षा दहा टक्के माल जास्त मागवला आणि त्यावर एक खोकं केवळ राखीव म्हणून. सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच आहे ना, ते तपासून घेतलं. त्या राखीव खोक्याने पुढे आम्हाला वाचवलं.

आता आईची खोली. तिथलं काम फिटरला दिलं. माणूस मेहनती आणि हात भराभर चालणारा. मी विचारलं, “खालची फरशी एकसारखी आहे का, बघून घेता का?” तो म्हणाला, “ताई, हे सगळं वरून झाकलं जातं.” मला ते पटलं, आणि तिथेच मी चुकले. दुसरी चूक अशी की आमच्या पट्ट्यांना मागून फोमचा थर कारखान्यातूनच चिकटवलेला होता, तरी त्याने खाली आणखी एक जाड फोम अंथरला. पायाला मऊ लागेल, असं त्याचं म्हणणं. आईसाठी मऊ हवंच होतं, मी खुशीने होकार दिला. पाच तासांत खोली तयार झाली आणि दिसायला सुरेख झाली.

दोन महिन्यांनी ‘टक्’ सुरू झालं. मग आखूड बाजूचा एक सांधा उघडला, नख शिरेल एवढा. त्यात धूळ बसून काळी रेघ दिसू लागली. उन्हाळ्यात दाराशी एक जागा किंचित फुगली. फिटर येऊन सांध्यात गोंद घालून गेला. महिनाभराने शेजारचा सांधा उघडला.

तेव्हा कुठे मी खोक्यातला घडीचा कागद नीट वाचला. सगळं तिथे लिहिलेलं होतं. खालच्या जमिनीत तीन मीटरच्या अंतरात साधारण पाच मिलिमीटरपेक्षा जास्त चढउतार नको. पट्टीला स्वतःचा फोम असेल तर दुसरा घालू नका. भिंतीपासून चहूबाजूंनी किमान सहा मिलिमीटर जागा सोडा. आणि या गोष्टी पाळल्या नाहीत तर वॉरंटी लागू नाही. दुकानदाराने तोच परिच्छेद दाखवला. मला राग आला, पण कागद माझ्या घरात इतके महिने पडून होता हेही खरं.

कारण समजून घेतलं की राग थोडा निवळतो. आमच्यासारख्या एकमेकींत अडकवायच्या, म्हणजे क्लिकच्या पट्ट्या जमिनीला चिकटलेल्या नसतात. सगळी खोली मिळून एकच पातळ पत्रा असल्यासारखी त्या नुसत्या टेकलेल्या असतात. एका पट्टीची जीभ दुसरीच्या खाचेत अडकते, आणि ती जीभ जेमतेम दोन मिलिमीटरची. खाली खोलगट जागा असेल किंवा जाड फोम असेल तर प्रत्येक पावलाला पट्टी दबते, जीभ वाकते. हजार वेळा वाकली की तुटते. आणि हवामान तापलं की सगळा पत्रा पसरतो. एका भिंतीशी जागाच सोडली नव्हती, म्हणून तो दाराशी वर उठला.

हॉलचं काम तोवर बाकी होतं. ते मी आणि नवऱ्याने स्वतः केलं.

तीन मीटरची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणली आणि ती फरशीवर फिरवत गेलो. उभी, आडवी, तिरकी. जिथे खालून उजेड दिसला तिथे खडूने गोल. खिडकीजवळ आठ मिलिमीटरचा खड्डा निघाला. त्या फरशीवर आम्ही अनेक वर्षं चाललो होतो, कधी कळलं नव्हतं. एका लादीचा कोपरा वर आलेला होता, तो घासून बसवला. मग जाड प्लास्टिकचा साधारण दोन फुटी चौकोन चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवला. खाली थेंब जमले असते तर काम थांबवलं असतं. व्हिनाइल ओल वर येऊ देत नाही, तिला खालीच कोंडून ठेवतं, आणि मग बुरशी आणि वास. आमचं प्लास्टिक कोरडं निघालं.

फरशी दोनदा धुतली, प्रायमर लावला आणि सेल्फ लेव्हलिंगचं, म्हणजे स्वतःच पसरून सपाट होणारं मिश्रण ओतलं. हे काम दोघांचंच आहे, एकट्याने करू नये. एकाने कालवत राहायचं, दुसऱ्याने ओतून पसरायचं, कारण ते काही मिनिटांत घट्ट व्हायला लागतं. पाणी पिशवीवर लिहिलंय तेवढंच घ्यावं. पहिली बादली आम्ही जास्त पातळ केली आणि तो थर वाळल्यावर भुसभुशीत झाला, खरवडून पुन्हा करावा लागला. पण दुसऱ्या दिवशी सरळ पट्टी ठेवली आणि खालून कुठेच उजेड दिसला नाही, तेव्हा आम्ही दोघं बराच वेळ जमिनीवर बसून ती नुसती बघत होतो.

खोकी ४८ तास हॉलमध्येच आडवी ठेवली, खोलीच्या तापमानाला येऊ दिली.

मग पहिल्या ओळीचं गणित. हॉलची रुंदी ३६४ सेंटिमीटर, पट्टी १८ सेंटिमीटरची. दोन्ही भिंतींशी सहा-सहा मिलिमीटर सोडले तर वीस ओळींनंतर जेमतेम तीन सेंटिमीटरची चिंधी उरत होती. तेवढी बारीक पट्टी नीट अडकत नाही आणि दिसतेही वाईट. म्हणून पहिली आणि शेवटची ओळ साडेदहा सेंटिमीटरच्या आसपास कापली, मध्ये १९ पूर्ण ओळी. आईच्या खोलीत कपाटाखाली अशीच चिंधी आहे, ती सरकून बाहेर आली होती.

कापणं सोपं आहे. धारदार सुरीने दोन-तीनदा रेघ ओढायची आणि पट्टी वाकवून मोडायची. मात्र चुनखडीमुळे पाती फार लवकर बोथट होतात, ती भरपूर आणून ठेवावीत. दाराची चौकट खालून कापून पट्टी तिच्या आत सरकवली. त्यासाठी पट्टीचा तुकडा उंचीचं माप म्हणून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर करवत टेकवून कापायचं. हे एकदा जमलं की दाराशी बाहेरून कुठलीही जोडपट्टी लावावी लागत नाही. रबरी हातोडा थेट कडेवर मारू नये. माझ्या हातून दोन जिभा अशाच गेल्या. मध्ये ठोकळा धरावा.

एक गोष्ट मी आवर्जून सांगेन. तीन-चार खोकी एकदम उघडून पट्ट्या मिसळून घ्याव्यात. चित्र छापील असल्यामुळे तीच गाठ, तीच रेघ ठरावीक पट्ट्यांनंतर पुन्हा येते. आईच्या खोलीत एक बदामाच्या आकाराची गाठ शेजारी शेजारी तीनदा आली आहे. ज्याला ती एकदा दिसली त्याला मग दुसरं काही दिसत नाही. हॉलमध्ये आम्ही पट्ट्या आधी मांडून पाहिल्या, आखूड सांधे एकमेकांपासून निदान तीस सेंटिमीटर लांब ठेवले.

फिटरला खोलीसाठी लागले पाच तास, आम्हाला हॉलसाठी दोन शनिवार-रविवार आणि मधल्या संध्याकाळी. जमिनीची उंची वाढल्याने दारं घासू लागली, ती खालून तासावी लागली. हा खर्च आणि वेळ आधी कुणी सांगत नाही.

वापराबद्दल. हॉलमध्ये एकदा भरलेली बादली कलंडली. पुसेपर्यंत अर्धा तास गेला, पट्ट्यांना काहीही झालं नाही. पण ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पट्टीपुरता खरा आहे. भिंतीच्या कडेने पाणी खाली उतरलं तर ते तिथेच राहतं, म्हणून मी न्हाणीघरात हे बसवलं नाही. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या चकत्या लावल्या आहेत. खरा शत्रू बारीक वाळू, ती रोज झाडून काढावी लागते. वाफेचा मॉप चालत नाही. दुपारी थेट ऊन येतं तिथे पडदा ओढून ठेवते.

एक डाग मात्र आमच्या अज्ञानामुळे कायमचा राहिला. मुख्य दाराशी रबरी तळाचं पायपुसणं ठेवलं होतं. वर्षभराने उचललं तर खाली पिवळसर चौकोन. रबरातली द्रव्यं व्हिनाइलमध्ये उतरतात आणि रंग बदलतो, तो आतून असतो. घासून, धुऊन काही उपयोग झाला नाही. पायपुसणं कापडी तळाचंच घ्या.

चालताना खऱ्या लाकडाचा भरीव आवाज येत नाही, थोडा पोकळ येतो. ज्यांना तो खटकेल त्यांनी चिकटवायचा प्रकार पाहावा. आम्हाला सवय झाली. पुन्हा घर करायचं झालं तर हॉलसाठी हेच घेईन आणि मालाबद्दल माझी तक्रार नाही.

गेल्या वर्षी आईची खोली उघडली. क्लिकची एक मोठी सोय ही की भिंतीकडून पट्ट्या एकेक सोडवता येतात. पन्नासेक पट्ट्यांपैकी नऊंच्या जिभा तुटलेल्या होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक एकाच उताराच्या जागी. फोम काढला, खड्डे भरले, त्याच पट्ट्या पुन्हा लावल्या. राखीव खोक्यात दहा होत्या, त्यांतली एक उरली.

ती खोली उघडी असताना आईने मला एक सांगितलं. रात्री उठली की ती त्या चौथ्या ओळीवर पाय पडू नये म्हणून भिंतीला धरून, कपाटाच्या कडेने वळसा घालून जायची. “तुमची झोप मोडते गं.” जिला घसरू नये म्हणून हे सगळं केलं, ती वर्षाहून अधिक काळ अंधारात अवघड वाटेने चालत होती.

काम संपलं त्या रात्री मी जागीच होते. दोनच्या सुमारास तिच्या खोलीतला दिवा लागला. दार उघडल्याचं ऐकू आलं, पावलं ऐकू आली नाहीत. उठून पाहिलं तर ती खोलीच्या मधूनच सरळ परत येत होती, दोन्ही हात मोकळे.