काचेचा उभा फ्रान्झ सेल, 9 मिमी तोंड: घ्यावा, पण मापं स्वतः तपासून

त्वचेतून औषध किती आणि किती वेगाने उतरतं हे पाहायला जॅकेटवाला (भोवती कोमट पाणी फिरवायचं आवरण असलेला) काचेचा फ्रान्झ सेल आजही सगळ्यांत भरवशाचा. याचे दोन भाग: मध्ये त्वचेचा तुकडा, वरून औषध, खाली द्रावणाने भरलेला कप्पा, म्हणजे रिसेप्टर. 9 मिमी तोंडाला 0.64 चौरस सेंमी क्षेत्रफळ मिळतं आणि रिसेप्टर 5 मिलीचा. मलमं, जेल यांना एवढं पुरतं.

काचेचाच घ्या, कारण बुडबुडा दिसतो. रिसेप्टरमधलं द्रावण, म्हणजे बफर, नीट डीगॅस केलेलं (आत विरघळलेली हवा काढलेलं) नसलं की तापताना त्यातली हवा सुटते आणि नेमकी त्वचेच्या पोटाशी जाऊन बसते. 3 मिमीचा एक बुडबुडा म्हणजे तोंडाचा नववा हिस्सा बंद. औषध कमी उतरल्यासारखं वाटतं, पण दोष औषधाचा नसतो. सेल तिरपा करा, बुडबुडा सॅम्पलिंग आर्मकडे (नमुना काढायच्या बाजूच्या नळीकडे) सरकू द्या, हलकी टिचकी मारा, निघतो. अपारदर्शक टेफ्लॉनच्या सेलमध्ये तो असल्याचा पत्ताही लागत नाही.

खरी उणीव मापात आहे. सेलवर लिहिलेल्या 5 मिलीवर विसंबू नका. स्टरर बार (द्रावण ढवळणारी छोटी चुंबकी कांडी) आत ठेवून रिकामा सेल तोला, आर्मवरच्या खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा तोला. जितके ग्रॅम वाढले, साधारण तितके मिली. आत 5.3 मिली मावत असताना हिशेबात 5 धरले, तर उत्तर जवळपास 6 टक्क्यांनी कमी येतं. प्रत्येक सेलला नंबर द्या आणि त्याचं माप वहीत लिहून ठेवा.

तापमानाचंही तसंच. त्वचेचा पृष्ठभाग 32 अंश हवा, अधिक-उणे 1. जॅकेटमधलं पाणी 32 ला लावलं तर पृष्ठभाग त्याहून थंड राहतो. म्हणून पाण्याचं तापमान 32 च्या थोडं वर ठेवून तापमापकाचा प्रोब त्वचेवर टेकवून बघा. सेल एकामागे एक जोडले असतील तर शेवटचा आधी तपासा.

दोन भाग धरून ठेवणारा क्लॅम्प बेताने आवळा. फार घट्ट केला तर त्वचा फुगून वर येते, सैल राहिला तर औषध कडेने झिरपतं. दोन भाग टेकतात तिथल्या घासलेल्या काचेला ग्रीस शक्यतो लावूच नका: तेलात विरघळणारं औषध त्यात मुरतं आणि शेवटी एकूण वसुलीचा (लावलेल्यापैकी किती औषध परत सापडलं याचा) हिशेब जुळत नाही. ओईसीडी 428 या त्वचेतून शोषण तपासायच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ही वसुली 100 टक्के, अधिक-उणे 10, अपेक्षित आहे.

सॅम्पल काढायची सुई मात्र लांब घ्या. आखूड सुई आर्ममधलं साचलेलं द्रावणच ओढते.