मला न कळवता घटस्फोट, आणि फ्लॅटही एकट्याच्या नावावर

नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या आणि घराच्या कागदावर स्वतःचंही नाव असलेल्या बायकांनी हे जरूर वाचावं.

पुण्यातला फ्लॅट आमच्या दोघांच्या नावावर आहे. करारनामा दोघांचा, कर्जही दोघांचं. मी मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी राहायला आले. एके दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "वहिनी, शेअर सर्टिफिकेटवरून तुमचं नाव कमी करायचा अर्ज आलाय, सोबत कोर्टाचा हुकूम आहे. तुमची सही कुठेच नाही, म्हणून विचारतोय." माझा घटस्फोट झाल्याचं मला त्या फोनवर कळलं. फ्लॅट पूर्ण नवऱ्याचा, आणि माझ्या वाट्याला तीन लाख रुपये. त्या माणसाने फोन केला नसता तर फ्लॅट परस्पर विकला गेला असता.

वकिलांनी सगळ्यात आधी कोर्टातल्या फाइलची तपासणी केली आणि नकलेसाठी अर्ज टाकला. फसवणूक तिथेच सापडली. नवऱ्याच्या घटस्फोटाच्या अर्जात माझा पत्ता म्हणून आम्ही फ्लॅट घेण्याआधी जिथे भाड्याने राहायचो ती खोली दिली होती. पोस्टाचं पाकीट 'लेफ्ट' असा शेरा घेऊन परत आलेलं. समन्स पोचवायला गेलेल्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याच्या, म्हणजे बेलिफाच्या अहवालात घरमालकाचं उत्तर होतं, की हे लोक केव्हाच सोडून गेले. मग नवऱ्याने शपथेवर सांगितलं की बायको कुठे राहते ते माहीत नाही, आणि पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात जाहीर समन्स दिलं. मी साताऱ्यात, ते मला कुठून दिसणार? पुढे एकतर्फी सुनावणी झाली. त्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी नाही, आणि हुकूमनामा.

ज्याला माझा पत्ता माहीत नव्हता, त्याने त्याच महिन्यात मुलीच्या वाढदिवसाला साताऱ्याच्या पत्त्यावर फ्रॉक पाठवला होता. कुरिअरच्या खोक्यावर त्याच्याच अक्षरात माझ्या भावाचं नाव, पेठ, घर नंबर, पिनकोड. आईने त्या खोक्यात लोकरीचे गुंडे ठेवले होते म्हणून ते टिकलं. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरही तोच पत्ता आणि खाली त्याची सही. हुकूम रद्द करण्यासाठी आम्ही जो अर्ज केला, त्याचा हे दोन कागद कणा ठरले.

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्याचा रस्ता म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 9, नियम 13. समन्स रीतसर बजावलं गेलं नाही किंवा हजर न राहण्याला सबळ कारण होतं, यांपैकी एक गोष्ट कोर्टाला पटवावी लागते. मुदत 30 दिवस. समन्स बजावलंच नसेल तर ते 30 दिवस हुकूम कळल्यापासून मोजतात, म्हणून कधी आणि कसं कळलं याचा पुरावा जपा. मी सेक्रेटरींकडून त्याच दिवशी लेखी पत्र घेतलं. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडतात. मात्र बजावणीत नुसती त्रुटी असून भागत नाही. तुम्हाला तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असं दिसलं, तर हुकूम रद्द होत नाही. नवऱ्याच्या वकिलांचा सगळा जोर यावरच होता, म्हणून जुने मेसेज कोणीही पुसू नका.

आधी एका वकिलांनी थेट अपील करायला सांगितलं होतं. तसं केलं असतं आणि अपील निकाली निघालं असतं, तर नियम 13 चा दरवाजा बंद झाला असता. दुसऱ्या वकीलबाईंनी वेळेत थांबवलं. त्यांनी पहिल्याच तारखेला अंमलबजावणीला स्थगिती आणि फ्लॅट विकायला मनाई मागितली. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली, सोसायटीला आणि बँकेलाही लेखी कळवलं.

आपल्याकडे घटस्फोटात मालमत्ता आपोआप अर्धी-अर्धी होते असं बऱ्याच जणींना वाटतं. तसा कायदा नाही. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार नसेल तर दोघांचा निम्मा हक्क धरला जातो. महाराष्ट्रात मात्र कागद कोणाच्या नावावर आणि पैसे कोणी भरले हे सिद्ध करावं लागतं. मी गैरहजर असताना नवऱ्याने सांगितलं की सगळे हप्ते त्याने भरले, माझं नाव फक्त सोयीसाठी टाकलं. मुलगी होईपर्यंत माझ्या पगारातूनही हप्ते गेलेत आणि खाते उताऱ्यावर ते ओळीने दिसतात. पण दाखवायला मी तिथे नव्हते.

हुकूम रद्द झाला. कोर्टाने मला काही खर्च भरायची अट घातली, तो मुदतीत भरला. आता मूळ अर्ज पुन्हा पहिल्यापासून चालू आहे, माझी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, दाखल झालीय आणि फ्लॅटचा निर्णय व्हायचाय. तुम्ही वेगळ्या राहत असाल तर ई-कोर्ट्सच्या साइटवर नवऱ्याच्या आणि स्वतःच्या नावाने, जिल्हा आणि वर्ष टाकून, अधूनमधून शोधत जा. तो जिथे राहतो तो जिल्हा आणि लग्न झालं तो जिल्हा, दोन्हीकडे बघा. आणि सध्याचा पत्ता नवऱ्याला स्पीड पोस्टाने कळवून पोचपावती जपून ठेवा.