‘मुलींना फी माफ आहे’ म्हणाला, आणि साठ हजार घेऊन गेला

इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्या सुरू झाल्या की आमच्याकडे बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्यांकडेही ‘अॅडमिशन मार्गदर्शन’चे बोर्ड लागतात. ताईच्या मुलीचा फॉर्म तिथल्याच एकाने भरला. दाजींची कोरडवाहू शेती, घरात कॉलेजला जाणारी ही पहिलीच. त्यामुळे ‘सर’ म्हणतील ती पूर्व दिशा.

सर म्हणाले, मुलींना आता फी नाही, सीट पक्की करायला फक्त साठ हजार द्या. यातलं पहिलं वाक्य बरंचसं खरं, म्हणून तर माणूस फसतो. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालंय. पण प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे, म्हणजे कॉलेज स्वतः देतं ते प्रवेश त्याच निर्णयात वगळलेत. हे सरांनी गिळलं.

खरी मेख पुढे आहे. सीईटीच्या लॉगिनला त्याने स्वतःचा मोबाईल नंबर टाकला होता. दुसऱ्या फेरीत पोरीला चांगलं कॉलेज लागलं, मेसेज त्यालाच गेला. घरी सांगितलं, ‘नंबर लागला नाही.’ मुदतीत जागा स्वीकारली नाही, ती गेली. मग याने संस्थास्तरावर एका खाजगी कॉलेजात बसवलं. तिथून त्याला काय मिळालं ते तोच जाणे. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा फी सवलतीचा अर्ज बाद झाला आणि कॉलेजने पूर्ण फीचा तगादा लावला, तेव्हा सगळं बाहेर आलं.

साठ हजारांची पावती पाहिली मी. वहीचा फाडलेला कागद, त्यावर ‘सहकार्य निधी, रोख मिळाले’. ना कॉलेजचं नाव, ना शिक्का. पोलिसांनी तक्रार अर्ज ठेवून घेतलाय, एवढंच.

तुमच्या घरात कुणाचा फॉर्म भरायचा असेल तर लॉगिनला नंबर घरातलाच द्या आणि पासवर्ड पोरांकडेच ठेवा. कागद तपासायला, हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलची सुविधा केंद्रं आहेत. प्रत्येक फेरीचा निकाल स्वतः उघडून बघा, आणि हातात कॅपचं अलॉटमेंट लेटर येईपर्यंत कुणी कितीही ‘मोफत’ म्हणो, पैसे मोजू नका. सीटसाठी असे वरचे पैसे मागणं कायद्याने गुन्हा आहे. प्रवेशातल्या गडबडीची तक्रार प्रवेश नियामक प्राधिकरणाकडे करता येते. आमची परवाच गेलीय.