वकिलांचं व्याख्यान, कोर्टाची भेट की वर्गातले आठ शनिवार?

कळव्याच्या एका शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाईंनी परवा फोन केला. "आठवी-नववीच्या मुलांसाठी कायद्याचं काहीतरी करायचंय. वर्षात एकच उपक्रम झेपेल. वकील बोलवू, मुलांना कोर्ट दाखवू, की तुमच्यासारखे शनिवार लावू?" शनिवार म्हणजे कायद्याचे विद्यार्थी आठ आठवडे दर शनिवारी वर्गात येऊन तास घेतात ते. घाईत दिलेलं उत्तर माझं मलाच अपुरं वाटलं. ठाण्यात चौदा वर्षं नागरिकशास्त्र शिकवतेय आणि हे तिन्ही प्रकार करून झालेत, म्हणून नीट लिहिते. शाळा व्यवस्थापन समितीवरच्या पालकांनाही हे उपयोगी पडेल. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्या समितीत 75 टक्के पालक असतात, त्यामुळे हा निर्णय त्यांचाही आहे.

व्याख्यान सगळ्यात सोपं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं, वकील येतात, मानधन लागत नाही. दीड तासात दोनशे मुलं ऐकतात. अडचण नंतर कळते. एका वर्षी व्याख्यानानंतरच्या सोमवारी मी मुलांना कोरा कागद दिला आणि काय लक्षात राहिलं ते लिहायला सांगितलं. जवळजवळ सगळ्यांनी शिक्षा लिहिल्या होत्या. कशाला किती वर्षं आणि किती दंड. आपण काय मागू शकतो, कुणाकडे जाऊ शकतो, हे दोघा-तिघांनीच लिहिलं होतं. वकील चांगले बोलले होते, पण हॉलमध्ये एवढ्या मुलांपुढे प्रश्नोत्तरं होत नाहीत आणि एकतर्फी ऐकलेल्या कायद्यातून मुलांपर्यंत पोचते ती भीती.

तरी दोन विषयांसाठी मी व्याख्यानच घेईन. एक, अल्पवयीनांनी गाडी चालवणं. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाची 25 वर्षं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. सोळाव्या वर्षी परवानगी आहे ती फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला, आणि क्लासला जाताना मुलं ज्या स्कूटर दामटतात त्या बहुतेक 100 सीसीच्या वरच्या. हे पालकसभेतच सांगायला हवं. दुसरा विषय पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, त्याबद्दल शेवटी.

वक्त्यांना आधीच सांगून ठेवा की कलमं नव्या कायद्यातली सांगा. 1 जुलै 2024 पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खून म्हटलं की मुलं अजून कलम 302 म्हणतात, ते आता 103 झालंय. ग्रंथालयातल्या जुन्या पुस्तिका बाजूला काढा.

कोर्टाची भेट मुलांना सगळ्यात आवडते. कोर्ट नाक्याला जिल्हा न्यायालय, स्टेशनपासून चालत जाता येतं, म्हणजे बसचा खर्चही नाही. पण कोर्टरूम लहान असतात, एका वेळी दहा-बारा मुलांपेक्षा जास्त मावत नाहीत. परवानगी, संमतीपत्रं, सोबतीला शिक्षक, यात महिना सहज जातो. पॉक्सोची आणि बरीचशी कौटुंबिक प्रकरणं बंद दाराआड चालतात, तिथे जायचं नाही हे मुलांना आधी समजावावं लागतं. ते का, हाच एक चांगला तास होतो.

आमच्या भेटीत मुलं सिनेमातल्या कोर्टाची वाट बघत होती. दिसल्या त्या फायली आणि पुढच्या तारखा. थोडी हिरमुसली. बाहेर भिंतीवर त्या दिवसाच्या खटल्यांचा बोर्ड लावला होता, त्यापुढे एक आजी चष्मा सारखा करत उभ्या होत्या. आमच्या एका मुलाला म्हणाल्या, "बाळा, माझा नंबर बघ रे." त्याने त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरचा केस नंबर वाचला, बोर्डावर बोट फिरवत शोधला आणि कोर्टरूमच्या दारापर्यंत त्यांना सोडून आला. वर्गात परतल्यावर त्याने विचारलं, "बाई, ज्यांना वाचता येत नाही आणि वकिलाचे पैसेही नाहीत, त्यांनी काय करायचं?" मग मोफत कायदेशीर मदत, 1987 चा कायदा, स्त्रिया आणि मुलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नसते, हे सगळं निघालं. मीच आधी सांगितलं असतं तर त्यातलं काही राहिलं नसतं. मात्र हे बारा मुलांना मिळालं. वर्गात साठ आहेत.

अभिरूप संसदेबद्दलही बाईंनी विचारलं होतं. गॅदरिंगला छान दिसते, पण चार हुशार मुलं बोलतात आणि बाकीची टाळ्या वाजवतात. त्यापेक्षा वर्गप्रतिनिधीची निवडणूक खऱ्या मतपत्रिकांवर घ्या.

आता शनिवार. जवळच्या विधी महाविद्यालयाच्या कायदा मदत केंद्रातले विद्यार्थी दर शनिवारी एक तास येतात, असे आठ आठवडे. ही पद्धत जुनी आहे, 1972 साली वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या शाळांमध्ये अशीच सुरुवात केली होती. ही ताई-दादा मंडळी वयाने जवळची, त्यामुळे मला कधी न विचारलेले प्रश्न त्यांना विचारले जातात. त्यांची परीक्षा आली की मात्र ती गायब होतात, आणि बोलता बोलता इतके जड शब्द वापरतात की शिक्षकाला वर्गात बसून सोपं करून द्यावं लागतं. वेळापत्रकात आठ तास मोकळे करणं हीच खरी किंमत.

पण अर्जाचा तास बघा. शाळेच्या फाटकासमोरचे झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे पुसले होते. मुलांनी पहिला मसुदा लिहिला, "आम्हा गरीब विद्यार्थ्यांवर दया करावी." कायद्याच्या विद्यार्थिनीने विचारलं, "दया कशाला? रस्ता कुणाचा आहे?" वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने ती ओळ खोडली आणि लिहिलं, "रोज सातशे मुलं येथून रस्ता ओलांडतात. पट्टे पुन्हा मारावेत, ही मागणी." दोन प्रती काढल्या. वॉर्ड ऑफिसात एक प्रत दिली, दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का मारून घेतला. ती पोच त्या मुलीने कंपासपेटीत ठेवली. महिनाभर उत्तर नाही, तेव्हा तोच क्रमांक घालून स्मरणपत्र. पट्टे दिवाळीनंतर आले.

अर्ज कुणाकडे, हा प्रश्न आमच्याकडे फार काळ अवघड होता. मार्च 2022 मध्ये ठाणे महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. नवी मुंबईत तर 2020 पासून. चार पावसाळे मी 'नगरसेवक निवडून येतो' असं शिकवत होते आणि मुलांच्या वॉर्डात नगरसेवकच नव्हता. आता नाव विचारता येतं, म्हणून या वर्षी हा तास नक्की घ्या. दहावीच्या मुलांसाठी 2015 चा लोकसेवा हक्क कायदाही घ्या. अकरावीसाठी लागणाऱ्या दाखल्यांना किती दिवसांची मुदत आहे, उशीर झाला तर अपील कुणाकडे, हे मुलं घरी जाऊन आईला समजावतात.

तर माझं मत असं. दीडशेच्या वर मुलं आणि मनुष्यबळ नसेल तर व्याख्यान घ्या, पण वर्गवार तुकड्या करून, आणि निम्मा वेळ प्रश्नांना ठेवा. पन्नास-साठ मुलं असतील तर शनिवारच. कोर्टाची भेट शनिवारांच्या शेवटी, ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी.

यातलं काहीही निवडलं तरी एक तयारी आधी करा. अशा तासानंतर एखादं मूल हळूच येऊन स्वतःबद्दल सांगतं. माझ्या बाबतीत हे झालंय. पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती मिळालेल्याने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आपसात चौकशी करून मिटवायचं नसतं. मुलाचं ऐकून कोण घेणार, पालकांशी कोण बोलणार, हे पहिल्या तासाच्या आधी ठरवा. 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर राहू द्या.

कळव्याच्या बाईंना मी येत्या शनिवारी सकाळी साडेआठला आमच्या वर्गात येऊन बसायला सांगितलंय. अर्जाचा तास आहे.