पणजीतल्या जुन्या घरात ऑफिस घेताय? आधी सह्या तपासा

फोंताइन्हास, साओ तोमे, मळा या भागांत पोर्तुगीज काळातलं घर ऑफिससाठी भाड्यानं द्यायचं म्हणून जी फसवणूक होते, तिच्यात घर खरं असतं, किल्ली खरी असते, वीजबिलही खरं असतं. खोटा असतो तो भाड्यानं देण्याचा अधिकार. शिंपल्यांच्या तावदानांवर भाळून जागेवरच टोकन देणारा म्हणूनच फसतो.

सगळ्यात वाईट प्रकार पोटभाड्याचा. गोव्याच्या १९६८च्या भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेला जुना भाडेकरू नाममात्र भाडं भरत असतो आणि पुढच्या दोन खोल्या बाजारभावानं ऑफिसला देतो. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवला तर त्याच कायद्याखाली घर खाली करून घेता येतं. मालक जागा झाला की जुन्या भाडेकरूबरोबर तुम्हीही बाहेर, आणि मालकाकडे डिपॉझिट मागायला तोंड नाही, कारण त्यानं ते घेतलेलंच नसतं.

दुसरा प्रकार वारसांचा. घराची वाटणी झालेली नसते, भावंडं मुंबईत, कोणी लिस्बनला, आणि पणजीत राहणारा एकटाच सही करतो. गोव्यात वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, त्यामुळे वारसांच्या जोडीदारांचाही विचार करावा लागतो. ‘मुखत्यारपत्र आहे’ एवढ्यावर भागवू नका. परदेशात केलेलं असेल तर तिथल्या भारतीय वकिलातीची साक्षांकन-मोहोर किंवा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) बघा, भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरलाय का तेही बघा, आणि त्यात भाड्यानं देण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला आहे का ते वाचा. पुष्कळदा तो फक्त कोर्टकचेरीपुरता असतो.

म्हणून टोकनच्या आधी चलता क्रमांक आणि पीटी शीट क्रमांक, म्हणजे शहर भूमापनातले मिळकतीचा आणि नकाशाचा क्रमांक, मागा. त्यावरून सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, म्हणजे मिळकतधारकांची नावं दाखवणारा उतारा, स्वतः काढा. त्यातली नावं, घरपट्टीच्या पावतीवरचं नाव आणि सही करणाऱ्याचं नाव शेजारी ठेवून बघा. मूळ मालक वारला असेल तर वाटणीच्या इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारस आणि त्यांचे हिस्से ठरवणाऱ्या कोर्टाच्या कारवाईचा, आदेश मागा. ही फसवणूक बहुधा जीएसटी नोंदणी किंवा महापालिकेच्या व्यापार परवान्याच्या वेळी उघडी पडते, कारण तिथं मालकीचा पुरावा किंवा मालकाचं संमतीपत्र लागतं. तोवर फर्निचर बसलेलं असतं.

वास्तूतली लबाडी पावसाळा सरला की सुरू होते. चिऱ्याची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. चुन्याचा गिलावा ते बाहेर सोडतो, सिमेंटचा कोंडतो, मग ओल आणखी वर चढते आणि क्षार रंग फुगवतात. दिवाळीच्या सुमारास प्लास्टिक रंगाचा हात मारला की काही महिने काही दिसत नाही. कमरेच्या खालचा भाग बोटांनी वाजवा, कपाटं सरकवून मागे बघा. तुळईचं टोक भिंतीत जिथं शिरतं तिथं स्क्रूड्रायव्हर टोचा. सहज आत गेला तर वाळवीनं किंवा कुजीनं लाकूड खाल्लंय. बाहेरून आढं सरळ आहे का तेही बघा. शक्य असेल तर जागा जुलैत, भरतीच्या वेळी बघा, कारण शेजारच्या ओरें खाडीकडचं पाणी तेव्हाच कळतं.

वीजबिलावर मंजूर भार आणि वर्गवारी वाचा. घरगुती वर्गवारीतला ३ किलोवॅट भार दीड टनाच्या दोन एसींतच संपत येतो. संवर्धन क्षेत्रात दर्शनी बाजूला हात लावायला परवानगी लागते, तेव्हा ‘एसी कुठंही लावा’ हे तोंडी आश्वासन कामाचं नाही.

करारात ‘सर्व दुरुस्ती भाड्यानं घेणाऱ्याकडे’ हे वाक्य असेल तर सही करू नका. कौलं, वासे, तुळया, बाहेरच्या भिंती मालकाकडे, असं नावं घेऊन लिहून घ्या. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. न नोंदवलेल्या कागदाच्या भरवशावर मुदतीचा हक्क सांगता येत नाही.

पैसे फक्त फॉर्म डीवरच्या (मालक वारला असेल तर इन्व्हेंटरीच्या आदेशातल्या) नावाच्या खात्यात, बँकेतूनच द्या. टोकन आधीच गेलं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा संवाद, जाहिरात आणि बँकेचा उतारा जपून ठेवा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत लेखी तक्रार द्या. खऱ्या मालकालाही स्पीड पोस्टानं कळवा. पुष्कळदा त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.